उपासप्रार्थना आणि लिथियमची गोळी

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे नगरकडचे. बाबांच्या नोकरीमुळे वास्कोत आलो ते इथलेच झालो. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. माझा धाकटा भाऊ उपासनेत तबला वाजवतो. गेल्या ईस्टरच्या आधी तो रात्र रात्र जागून गाणी रचायचा, साक्ष द्यायला उभा राहिला की तास तास बोलायचा. साठवलेले ८०,००० रुपये त्याने सभागृहाच्या फंडाला देऊन टाकले. सगळे म्हणाले, पवित्र आत्म्याने भरलाय. पावसाळ्यात तोच मुलगा अंथरुणातून उठेना. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, बायपोलर, म्हणजे मन टोकाचं चढण्या-उतरण्याचा आजार निघालं, लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. आता बराच सावरलाय. पण येत्या शुक्रवारपासून खास त्याच्यासाठी तीन दिवसांची उपासप्रार्थना ठेवलीय. पंचांपैकी एक काका म्हणतात, तेवढे तीन दिवस गोळ्या बाजूला ठेव, विश्वास दाखव. ग्रुपवर त्याच्या नावानिशी आजारही टाकलाय. भाऊ तयार आहे, आई गोंधळलीय, पाळकसाहेबांना दुखवायचं नाही. काय करू?
— एक बहीण, वास्को

उत्तर : बाळ, शुक्रवार तोंडावर आलाय, म्हणून आधी गोळीचं बोलते.

लिथियम हा एक क्षारच आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढत जाते. गुण येणारी पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर फार थोडं. म्हणून तर डॉक्टर वरचेवर रक्त तपासतात, तेही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. आता वास्कोच्या दमट हवेत, बंद हॉलमध्ये, अन्नपाण्याविना घाम गाळत तबला वाजवणारा तुझा भाऊ डोळ्यांपुढे आण. गोळी घेऊन उपास केला तर पातळी चढायची भीती, गोळी सोडून केला तर आजार उलटायची. त्याने उपास करायचाच नाही. अर्धा दिवस नको, फक्त पाण्यावरही नको. आणि गोळी एकाही दिवशी चुकवायची नाही.

हाताची थोडी थरथर लिथियमवर अनेकांना असते, तबलजीला ती बोटांत आधी कळेल. पण थरथर एकदम वाढली, उलट्या-जुलाब लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन तडक बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जायचं. अजून एक. मंडळीत कुणाच्या ना कुणाच्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी असतेच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालेल, बाकी काहीही डॉक्टरांना विचारून.

पाळकसाहेबांकडे तू आणि आई दोघी जा, काकांच्या गैरहजेरीत. भांडायला नको. त्यांना बायबलातला १ राजे, १९ वा अध्याय काढायला सांग. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला काय देतो? भाकर आणि पाणी. तो खातो, झोपतो, तर पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगराचं, देवाच्या वाणीचं सगळं त्यानंतर. आजाऱ्याला जेवू घालून बाकीच्यांनी उपास धरावा, एवढंच तू मागतेयस. कुठलाही शहाणा पाळक याला नाही म्हणणार नाही. औषध घेणं अविश्वास वाटत असेल, तर पौलाबरोबर हिंडणारा लूक वैद्य होता, हेही हळूच सांगून ठेव. बांबोळीला फुलांच्या खुरसाला, म्हणजे तिथल्या क्रुसाला, मेणबत्ती लावून मग ओपीडीची रांग धरणारी माणसं मी नर्सच्या नोकरीत रोज पाहिली, हिंदूही आणि ख्रिस्तीही. त्यांना यात काही विसंगत वाटत नसे, मलाही नाही.

मला खरी खटकली ती वेगळीच गोष्ट. मुलगा झोपत नव्हता, तासभर बोलत होता, पैसे उधळत होता, तेव्हा टाळ्या पडल्या. तो आजार होता. अंथरुणाला खिळला तेव्हा सगळ्यांना चिंता वाटली. तोही तोच आजार. पुढच्या वेळी सुरुवात बहुधा झोपेपासूनच होईल : दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी माणूस ताजातवाना. असं दिसलं की घरच्यांना कळवायचं, एवढं पाळकसाहेबांनी आणि तबल्याशेजारी बसणाऱ्या पेटीवाल्याने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. सगळ्या मंडळीला पहारेकरी करू नकोस, त्याला गुदमरायला होईल.

ग्रुपवरची ती पोस्ट काढायला लाव. आम्हा नर्सांना, डॉक्टरांना रुग्णाचं गुपित राखण्याचं कायद्याने बंधन असतं. ग्रुपवरच्या मावश्यांना कोण बांधणार? ‘एका भावासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. नाव देवाला ठाऊक आहे. यापुढे नाव घालायचं तर त्यालाच विचारून.

मदत करायला लोक आतुर असतील तर कामं वाटून दे. बांबोळीची तारीख असेल त्या दिवशी आईसोबत एक जण रांगेत बसू दे, वास्को-पणजी बस थेट तिथे थांबते. दर आठवड्याला त्याच्याच वयाचा कुणीतरी चहाला येऊ दे, आजाराचा विषय न काढता. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला तर ‘असं बोलणं पाप आहे’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत.

तो आत्ता सावरलेला आहे तोवर एक काम उरकून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तो साध्या कागदावर लिहून, सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. उपचारांचे निर्णय घेणं त्याला जमत नसेल तेव्हा तो प्रतिनिधी त्याच्या बाजूने उभा राहतो. तुला नेमेल की आईला, ते त्याचं त्याला ठरवू दे.

राहिले ८०,०००. तू विचारलं नाहीस, पण पत्रात आकडा लिहिलास, म्हणजे मनात आहे. भावाला विचार, त्याला हवे असतील तर परत मागा. संकोच नको, ते आजारपणात दिलेत. खजिनदारांना लेखी पत्र द्या, आणि यापुढे त्याच्याकडून मोठी देणगी घरी विचारल्याशिवाय स्वीकारू नये, हेही त्याच पत्रात लिहा. पैसे सभागृहात लागून गेले असतील तर हप्ते मागा. खजिनदार कुरकुरले तर मला पुन्हा लिही, पत्राचा मसुदा मी करून देते.