लिनक्स मिंट टाकल्यापासून लॅपटॉपवर वायफाय दिसतच नाही, चिप ब्रॉडकॉमची आहे. काय करू?

अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि मेनूतल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, बहुतेक एवढ्यानेच काम होईल. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या चिपांचा ड्रायव्हर कंपनीच्या मालकीचा आहे, त्यामुळे तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे मूळ गाभ्यात, नसतो, वेगळा उतरवावा लागतो. नेटच नाही तर उतरवायचा कसा, इथेच लोक अडकतात आणि उगाच विंडोजकडे परततात. सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवणं) निवडून तोच द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर ड्रायव्हर लोड होणार नाही. चिप इंटेलची निघाली तर मात्र हा उपाय लागू नाही.