भाव, मत आणि हिशेबी माणूस

प्रश्न : भावात सगळी माहिती आधीच उतरलेली असते म्हणतात. मग फुगे, म्हणजे खऱ्या किमतीच्या कितीतरी वर चढून कोसळणारे भाव, येतातच कसे? (एक वाचक, पुणे)

अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी १९७०मध्ये मांडलेल्या या विचारातलं अर्धं मला पटतं : उघड बातमीच्या जोरावर बाजाराला सतत हरवणं फार अवघड आहे. म्हणून भाव बरोबरच असतो, हे पटत नाही. मुंबईचंच बघा. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. तो पैसा शहरात मावेना. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबेची जमीन पाण्याखाली असतानाच तिचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरत होते. १८६५मध्ये युद्ध संपलं. १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा अनेकांचे हात रिकामे होते. २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला.

युद्ध कधीतरी संपणार, हे कापसाच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होतं. ‘कधी’ ते माहीत नव्हतं, एवढा बचाव फामांच्या बाजूने करता येईल. पण बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत होत्या आणि त्याच कर्जातून आणखी शेअर घेतले जात होते. भावच भावाला वर ढकलत होता. त्यात नवी माहिती कुठली?

प्रश्न : जाणत्यांनी वेळीच विकून भाव खाली का आणला नाही? (एक वाचक, नाशिक)

हातात शेअर नसताना मंदीचा सौदा केला, म्हणजे आज विकून पुढे स्वस्तात घेऊ असं ठरवलं, तर भाव उतरेपर्यंत तग धरावा लागतो, तोही बहुधा दुसऱ्याच्या पैशावर. तोटा दिसू लागला की पैसेवाला रक्कम परत मागतो, नेमकी संधी मोठी होत असताना. श्लायफर आणि विश्नी या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्ये हे नीट मांडलं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो अर्थतज्ज्ञ व्हर्नन स्मिथ आणि सहकाऱ्यांचा १९८८चा प्रयोग, प्रयोगशाळेत भरवलेल्या शेअरबाजाराचा. शेअरवर सरासरी किती लाभांश मिळणार, हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. तरीही फुगा आला. तीच माणसं पुन्हा पुन्हा खेळली तेव्हा तो ओसरत गेला. खऱ्या बाजारात मात्र दर तेजीला नवी माणसं येतात.

प्रश्न : माझ्या एका मताने निकाल बदलत नाही. मग मी मत देतो, हे अर्थशास्त्रात कसं बसतं? (एक वाचक, ठाणे)

अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांना १९५७मध्ये हीच अडचण दिसली होती : मत द्यायला वेळ आणि श्रम खर्च होतात, पदरात मात्र जवळजवळ काहीच पडत नाही. २०२४मध्ये मुंबई वायव्यची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. इतक्या अटीतटीतही एक मत निर्णायक नव्हतं. रायकर आणि ऑर्डेशूक या राज्यशास्त्रज्ञांनी १९६८मध्ये या हिशेबात ‘कर्तव्याच्या समाधाना’ची भर घातली. ही मला पळवाट वाटते, कारण असं समाधान कुठल्याही वागण्याला चिकटवता येतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला २००६चा प्रयोग अधिक बोलका आहे. ‘तुम्ही मत दिलंत की नाही, हे शेजाऱ्यांना कळवू’ अशी पत्रं गेली, त्या घरांत मतदान ३७.८ टक्के झालं; पत्र न मिळालेल्यांत २९.७ टक्के. मत गुप्तच राहणार होतं. फक्त बोटावरची शाई शेजाऱ्यांना दिसावी, तशी हजेरी दिसणार होती.

प्रश्न : मग माणूस आपल्या फायद्या-तोट्याचा हिशेब करूनच वागतो, हा जुना सिद्धांत टाकूनच द्यायचा का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नको. मतदान केंद्र दूर गेलं की मतदान घटतं. तिथे खर्चाचा हिशेब चोख लागू पडतो. तो सिद्धांत माणसाला एकटा धरतो, तिथे मात्र अडतो. मत द्यायला निघालेला माणूस शेजाऱ्याकडे बघत असतो, आणि १८६४ सालचा मुंबईतला शेअर घेणाराही तेच करत होता.