‘आम्ही शाळेत शिरायला झगडलो, आणि तू त्याला बाहेर काढतेस?’

मुलाला घरीच शिकवायच्या विचारात असलेले पालक समोर बसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तो एकटा तर पडणार नाही ना?’ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटात समुपदेशन करताना गोऱ्या, देशी, सगळ्याच घरांतून मी तो ऐकते. कृष्णवर्णीय घरांत त्यामागे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो बहुधा आजीचा असतो. अशाच एका घराची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीतला, गणितात वर्गाच्या पुढे. काम संपलं की जागेवरून उठायचा, बडबडायचा. त्याची नोंद ‘उद्धटपणा’ अशी व्हायची. दोनदा सस्पेंडही झाला. शेजारचा गोरा मुलगा हेच करायचा तर त्याला ‘चुळबुळ्या’ म्हणत, असं आईचं म्हणणं. शाळेची बाजू मी ऐकली नव्हती, म्हणून त्यावर मत दिलं नाही. पण तिची शंका हवेतली नव्हती. २०१७-१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं साधारण १५ टक्के होती, सस्पेंड करून घरी पाठवलेल्यांत मात्र ३८ टक्के.

रविवारी संध्याकाळी या मुलाच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. कोविडमध्ये शाळा स्क्रीनवर आली आणि ते दुखणं थांबलं. तिथून आईच्या मनात विचार सुरू झाला. ती काही जगावेगळी नव्हती. जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात शाळकरी मुलं असलेली ३.३ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबं मुलांना घरी शिकवत होती. त्याच वर्षी शरदात १६.१ टक्के.

‘एकटा म्हणजे कुणावाचून?’ मी विचारलं. ती मुलांबद्दल बोललीच नाही, आपल्या आईबद्दल बोलली. आजी साठच्या दशकात जॉर्जियातल्या एका लहान गावात, गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या पहिल्या मोजक्या मुलींपैकी. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी कुणी बसत नसे. शाळेत शिरूनही वेगळं बसणं काय असतं, हे आंबेडकरांच्या गोणपाटाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मला कुणी समजावून द्यायला नको होतं.

पुढच्या भेटीला आजींनाही बोलावलं. मी त्यांना ‘मॅम’च म्हणत होते, तिकडे वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. मायलेकी माझ्यासमोर चांगल्या भांडल्या. लेक म्हणाली, ‘घरी शिकणं आपल्याला नवं आहे का? गुलामगिरीच्या काळात, आपल्याला शिकायला बंदी असताना, सवाना शहरात सूझी किंग टेलर कागदात पुस्तकं गुंडाळून चोरून एका बाईंच्या घरी शिकायला जायची.’ आजी म्हणाल्या, ‘तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. तुला आहे. तो आम्ही केलाय.’

दोघींचंही खरं होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. थोड्या वेळाने आजी आपल्या जुन्या, फक्त कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेबद्दल बोलायला लागल्या. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र झाल्या तेव्हा ती बंद पडली आणि तिथल्या बाईंची नोकरी गेली. अमेरिकेच्या दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांचं असंच झालं. ‘बाई माझ्या आईला ओळखायच्या,’ त्या म्हणाल्या. ‘नव्या शाळेत मला शिकवलं, ओळखलं कुणी नाही.’ लेकीने हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

आजींना पटलं असं नाही. ‘एक वर्ष,’ एवढंच म्हणाल्या.

मुलाला वेगळं बसवून विचारलं. त्याला शाळेतलं नेमकं काय हवं होतं? एक मित्र आणि शुक्रवारचा पिझ्झा. पालकांना मी नेहमी सांगते, ‘समाजात मिसळणं’ असं ढोबळ बोलू नका. मूल आठवड्यात कोणत्या वारी, कुणाबरोबर, किती वेळ असेल ते कागदावर लिहा. या कागदावर मंगळवार-गुरुवार चर्चच्या हॉलमधला घरशिक्षणवाल्या कुटुंबांचा गट आला, शनिवारी तो मित्र आला. सोमवार, बुधवार कोरे होते. तिथे आजींनी स्वतःचं नाव घातलं.

माझी खरी काळजी वेगळीच होती. आई नर्स, रात्रपाळीची, वडील ट्रकवर. जॉर्जियात सुरुवात केल्यापासून ३० दिवसांत आणि पुढे दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत, मुलाला घरी शिकवत असल्याचं घोषणापत्र भरावं लागतं. वर्षाला १८० दिवस, दिवसाला साडेचार तास, पाच विषय आणि वर्षाअखेर प्रगतीचा लेखी अहवाल. कागदोपत्री हे अवघड नाही. पण ती झोपणार कधी? याचं उत्तर मिळेपर्यंत मी होकार दिला नाही. दुसऱ्या एका घरात ते मिळालंच नाही. तिथे मी वर्ग बदलून घेण्यासाठी शाळेशी बोलायला सांगितलं. इथे आईने पाळ्या शनिवार-रविवारकडे वळवल्या, पगार थोडा घटला.

पुढच्या काही महिन्यांत रविवारची पोटदुखी परतली नाही. निबंध लिहिण्यावरून मायलेकांची रोज खडाजंगी सुरू झाली, तेव्हा निबंध आजींकडे गेला. उन्हाळ्यात तिघं पुन्हा आली. घोषणापत्र परत भरायचं की शाळेत नाव घालायचं, हे अजून ठरलं नव्हतं. या खेपेला खुर्ची ओढून मुलगाही बोलायला बसला होता.