सोलापुरात नोकरी पोर्टलवर येईपर्यंत भरलेली असते

तुझं पत्र वाचलं. बी.कॉम. झालंय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अडीच वर्षं अकाउंट्सला आहेस, पगार आहे तिथंच आहे, आठ महिने झाले रिझ्युमे पोर्टलवर टाकून आणि एक फोन नाही, म्हणून विचारतोयस की राजीनामा देऊन पुण्याला जाऊ का.

राजीनामा नको रे, निदान आत्ता तरी नको. हातात नोकरी असताना शोधणाऱ्याला पगार मागता येतो, घरी बसलेल्याला देतील तो घ्यावा लागतो. पुण्याला जायचं तर खुशाल जा, पण ऑफर लेटर हातात आल्यावर हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढ.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं टॉवेलवाल्याला किंवा युनिफॉर्मवाल्याला अकाउंटंट पाहिजे असला की तो जाहिरात द्यायच्या आधी आपल्या सीएला विचारतो, टॅक्स कन्सल्टंटला विचारतो, सुताच्या एजंटला विचारतो, आणि तिथंच कुणाचं तरी नाव निघतं न् जागा भरते. ते नाव तुझं असायला पाहिजे. तू आठ महिने स्क्रीनकडं बघत बसलास, या माणसांकडं एकदाही गेला नाहीस, मला खरंच वाईट वाटलं वाचून.

एक वही कर. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतली वीसेक युनिटं लिही, प्रत्येकापुढं तिथं ओळखीचं कोण आहे ते. आठवड्याला दोघांना भेट, पण तारीख बघून जा, 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, आणि 20 ला 3बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, असते, त्या आधीचे दोन-तीन दिवस अकाउंट्सवाल्याला डोकं वर करायला वेळ नसतो हे तुला मी काय सांगू. 22 नंतर जा. आणि तुमच्या मालकाच्या सीएकडं चुकूनही जाऊ नकोस, संध्याकाळपर्यंत बातमी केबिनमध्ये पोचेल.

गेल्यावर "काही असलं तर सांगा" म्हणू नकोस, हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही. मी टॅलीत सगळी खरेदी घेतो, दर महिन्याला 2बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरची खरेदीची यादी, जुळवतो, माल पाठवायचं ई-वे बिल मीच काढतो, असं सांग की. शिवाय तुमच्याकडून माल बाहेर देशात जातो म्हणतोस, मग शिपिंग बिल (निर्यातीच्या मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद), ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारी ड्युटी), टॉवेलवर मिळणारं आरओएससीटीएल (निर्यातीवर राज्य-केंद्राच्या करांचा परतावा) हे आत्ताच शिकून घे, जीएसटी येणारी पोरं ढीगभर आहेत, एक्सपोर्टची फाईल नीट लावणारी थोडी. फक्त शिकायचं, ऑफिसचे कागद घरी आणायचे नाहीत.

पीएफ खरंच भरला जातोय का ते यूएएनवर, म्हणजे तुझा पीएफचा नंबर टाकून, एकदा बघून घे.

रिझ्युमे मला पाठव. वडिलांचा व्यवसाय आणि छंद काढून टाक, एका पानात बसव. आणि या महिन्याची 3बी झाली की पहिल्यांदा कुणाकडं जाणार ती दोन नावं लिहून कळव.