जपानला न जाता तिथलं पारंपरिक संगीत आणि संस्कृती खरंच समजू शकते का? सुरुवात कुठून करावी?

समजू शकते. तुम्ही लिहिलंय की जपानला जाणं शक्य नाही, भाषा येत नाही, आणि लोक म्हणतात इथे बसून काय कळणार. हे शेवटचं वाक्य मी माझ्या मावसभावाकडून, म्हणजे दादाकडून, सहा वर्षं ऐकतोय. दादा टोकियोत नोकरीला आहे. मी मिरजेत राहतो, लहानपणापासून बासरी वाजवतो आणि सहा वर्षांपासून शाकुहाची, म्हणजे जपानी बांबूची उभी बासरी, शिकतोय. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

माझी पहिली शाकुहाची पाऊण इंची पीव्हीसी पाइपची होती. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणला, साडेचोपन्न सेंटिमीटरवर कापला (जपानी मापात एक शाकु आठ सुन, नावातला ‘हाची’ म्हणजे आठ), वरच्या टोकाला कानशीने तिरका काप घातला, पुढे चार आणि मागे एक भोक पाडलं. आपल्या बासरीला वरून बूच असतं आणि फुंकेचं भोक ठरलेलं असतं. इथे टोक उघडं, आणि त्या धारेवर फुंक आपली आपण फोडायची. पंधरा वर्षं बासरी वाजवूनही अकरा दिवस नुसता वारा आला. बाराव्या दिवशी ‘रो’ लागला, सगळी भोकं बंद ठेवून निघणारा खालचा स्वर.

काही महिन्यांनी लक्षात आलं की जपानी लोक ज्याला मियाको-बुशी म्हणतात त्या पंचस्वरीत सा, कोमल रे, मध्यम, पंचम आणि कोमल धैवत आहेत. म्हणजे आपल्या गुणक्री रागाचेच स्वर! मी इतका हरखलो की लगेच दादाला कळवलं. त्याचं उत्तर आलं, “स्वर जुळले म्हणजे संगीत कळलं का? इथे येऊन राहा, मग बोल.” ते फार लागलं. कारण त्यातलं पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसरं नव्हतं, आणि ते मला पुढच्याच रविवारी कळलं.

माझे शिक्षक सत्तरीचे आहेत. शिकवणी स्क्रीनवर, आमच्याकडे पहाटे साडेपाच, त्यांच्याकडे सकाळचे नऊ. त्या दिवशी त्यांनी ‘त्सु-मेरी’ घ्यायला सांगितला. खालचं भोक किंचित उघडायचं आणि हनुवटी खाली झुकवायची, की स्वर उतरतो. ‘रो’ला सा धरलं तर हाच कोमल रिषभ. मी तो गुणक्रीत घेतात तसा भरदार घेतला, बारीक आंदोलन देऊन. मनातून खूश होतो. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि स्वतः वाजवून दाखवला. कंदिलाची वात खाली करावी तसा तो स्वर मंद झाला, बारीक झाला, त्यातला श्वास ऐकू यायला लागला. मग मान उचलून त्यांनी वरचा ‘रे’ घेतला (त्यांचा ‘रे’ म्हणजे आपला मध्यम) आणि एकदम लख्ख उजेड पडला.

चाळीस मिनिटं आम्ही दुसरं काही केलं नाही. रो, त्सु-मेरी, रो. मी दर वेळी स्वर भरत होतो आणि ते दर वेळी हाताने ‘खाली, खाली’ असं दाखवत होते. बासरीत सगळे स्वर एकाच उजेडात आणायचे असतात, त्यासाठी माझ्या गुरुजींनी मला वर्षानुवर्षं रगडलंय. इथे तो एक स्वर मुद्दाम सावलीत ठेवायचा असतो, म्हणून तर पुढचा उजळतो. तास संपला तेव्हा मान आखडली होती. शाकुहाचीवाल्यांत म्हणच आहे, मान हलवायला तीन वर्षं. आणि हे मला मिरजेत, माझ्या खोलीत कळलं.

तर सुरुवात. पावसाचा आवाज आणि सिंथेसायझर घालून ‘झोपेसाठी झेन बासरी’ म्हणून जे मिळतं त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘हारु नो उमि’ हमखास प्राचीन म्हणून ऐकवलं जाईल. सुंदर आहे, पण मियागी मिचिओंनी ते 1929 साली रचलं.

त्याऐवजी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीपासून सुरुवात करा. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि गोरो यामागुचींनी शाकुहाचीवर वाजवलेलं ‘त्सुरु नो सुगोमोरी’ही आहे, घरट्यातल्या क्रौंच पक्ष्यांचं. दोन्ही पाठोपाठ ऐका. केसरबाई स्वर कसा भरून ठेवतात आणि यामागुची तो कसा विरू देतात, एवढंच आठवडाभर ऐका. मग होनक्योकु, म्हणजे शाकुहाचीच्या मूळ एकल रचना. त्यांत ताल शोधू नका, एका श्वासात एक वाक्य असतं. टोपलीसारख्या टोपीत चेहरा झाकून हिंडणाऱ्या कोमुसो भिक्षूंचं हे संगीत. त्यांचा फुके पंथ सरकारने 1871 मध्ये बंद केला, तरी संगीत टिकलं. यामागुची स्वतः 1967 मध्ये अमेरिकेत जाऊन परदेशी विद्यार्थ्यांना शिकवत होते. त्यांना कधी वाटलं नसेल का, की हे बाहेर बसूनही कळतं?

भाषेची धास्ती नको. शाकुहाचीची स्वरलिपी काताकाना या जपानी लिपीत असते, उभी, उजवीकडून डावीकडे. रो, त्सु, रे, ची, री ही अक्षरं आली की पहिलं पान उघडतं. मात्र शिक्षक हवाच. व्हिडिओ पाहून मी मान चुकीची झुकवत होतो आणि मला ते कधीच कळलं नसतं.

काही गोष्टी घरबसल्या मिळत नाहीत, हेही सांगतो. नोह नाट्यातले ढोल फोनवर ऐकून उपयोग नाही. कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांबद्दल मी बोलणार नाही, हातात घेतलेलं नाही. बांबूची चांगली शाकुहाची लाखाच्या घरात जाते, तेव्हा वर्षभर पाइपवरच राहा. आणि घेतलीत तर उन्हाळ्यात पिशवीत बंद करून ठेवा. माझी मार्चमध्ये उभी तडकली. इथल्या एका सतारमेकरने दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन ती बांधून दिली, आणि अजून वाजते.

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो. तू तिथे राहतोस याचं मला कौतुकच आहे, पण एवढ्या वर्षांत शाकुहाचीच्या एकाही मैफलीला गेला नाहीस, हे तूच मागच्या दिवाळीत सांगितलंस. यंदा आलास की वर माझ्या खोलीत ये. दार लावून घेऊ. रो, त्सु-मेरी, रो एवढंच वाजवतो, पाच मिनिटं ऐक.