पाठवलेलं पत्र रात्री पुन्हा वाचणारी सई

‘माझ्या एका चुकीने मोठं काही घडलं तर?’ डॉक्टर, ऑडिटर, बांधकामवाले, सगळ्यांकडून मी समुपदेशन करताना हा प्रश्न ऐकते. सई (नाव बदललंय) अमेरिकेतल्या एका अणुवीज प्रकल्पात लायसन्सिंग इंजिनिअर आहे. परवान्यात बदल हवा असला की त्याचा अर्ज तयार करायचा, तो एनआरसी या तिथल्या अणुऊर्जा नियामक आयोगाकडे पाठवायचा आणि आयोगाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे तिचं काम. आयोगाचा नियम ५०.९ म्हणतो, दिलेली माहिती सर्व महत्त्वाच्या बाबतींत पूर्ण आणि अचूक हवी.

सईने हा नियम जिवाला लावून घेतला. गेलेली पत्रं ती रात्री उठून वाचायची. आयोगाने जादा माहिती मागितली, म्हणजे ‘आरएआय’ आलं, की पोटात गोळा. नवरा म्हणायचा, “अगं, काही होत नाही!” मला ते पटेना. काहीतरी होऊ शकतं हे धरूनच तर या क्षेत्रातले सगळे नियम केलेत. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पात झालेल्या अपघातानंतर ते आणखी कडक झाले. तिला खोटा धीर चालला नसता.

मी तिला एक वर्तुळ काढायला लावलं. पत्रातलं एखादं विधान चुकलं, तर जबाबदारी कुणाकुणाची? ज्याचा जेवढा वाटा, तेवढी वर्तुळाची फाक त्याची. स्वतःला शेवटी मोजायचं. (प्रकल्पाचं गोपनीय काही बोलायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.) आकडेमोड करणारा इंजिनिअर, प्रत्येक विधानाचा आधार तपासणारा सहकारी, ऑपरेशन्सची माणसं, शपथेवर सही करणारे वरिष्ठ, आयोगाचे तज्ज्ञ. तिच्या वाट्याला लहानशी फाक उरली. ती पुसू दिली नाही; तेवढी काळजी तिच्या कामाचाच भाग आहे.

“आरएआय आल्यावर काय करता?”

“उत्तर लिहितो, मॅडम. बऱ्याच अर्जांना येतातच ती,” म्हणताना तिलाच हसू आलं.

मग आम्ही ठरवलं: तपासायचं ते पत्र जाण्याआधी, मूळ कागद समोर ठेवून. नंतर शंका आली तर एका ओळीत लिहायची आणि सकाळी वरिष्ठांना विचारायचं. खरंच चूक निघाली तर कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चुकीची प्रकल्पातली अंतर्गत नोंद, भरायचा, दुरुस्तीचं पत्र आयोगाला पाठवायचं. त्याची रीत तिच्या ऑफिसात आहेच. रात्रीच्या वाचनात चुका सापडत नव्हत्या, फक्त तासभर जिवाला बरं वाटत होतं.

सुरुवातीच्या रात्री फार जड गेल्या. झोप कित्येक आठवडे उडालेली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांचाही सल्ला घ्यायला लावला. आता ती बरीच सावरलीय. मोठा अर्ज जायच्या आठवड्यात मात्र अजून माझा फोन वाजतो.