मुरलीकांत पेटकर एवढे सगळे खेळ कसे खेळायचे? व्हीलचेअरवरच्या मुलाने एकच खेळ धरावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे पेटकर साहेब, पॅरालिम्पिकमध्ये (दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये) भारताचं पहिलं गोल्ड घेणारे, बॉक्सिंग, टेबल टेनिस, पोहणं, भालाफेक हे सगळं कसं काय करायचे, आणि दुसरी म्हणजे तुमचा भाचा ॲक्सिडेंटनंतर व्हीलचेअरवर आहे, तर त्याने आत्तापासून एकच खेळ धरावा की दोन-तीन. मी पुण्यात पोहायला शिकवतो, माझ्या बॅचला व्हीलचेअरवरची मुलंही येतात, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: सुरुवातीला दोन-तीन खेळ, बिनधास्त. का ते पेटकर साहेबांच्याच करिअरवरून कळेल.

ते सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे, जन्म 1944 चा. लहानपणी गावात कुस्ती, मग आर्मीच्या बॉइज बटालियनमध्ये गेले आणि तिथे बॉक्सिंगमध्ये इतके तयार झाले की 1964 मध्ये टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळून आले. पुढच्याच वर्षी 1965 चं युद्ध, त्यात अनेक गोळ्या लागल्या, एक तर मणक्यातच राहिली आणि कमरेखालचं अंग गेलं. विशीतला माणूस, खेळ म्हणजे पायांवर नाचत ठोसे मारायचे, आणि पायच हलत नाहीत. विचार केला तरी कसंतरी होतं.

मुंबईला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये ते होते आणि तिथे त्यांना पाण्यात उतरवलं ते मेडलसाठी नाही, उपचार म्हणून. ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. व्हीलचेअरवरचे खेळ मुळात हॉस्पिटलातूनच आलेत, इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना खेळायला लावलं, 1948 मध्ये त्यांच्या स्पर्धा घेतल्या आणि त्याचंच पुढे 1960 ला रोमचं पॅरालिम्पिक झालं. म्हणजे पेशंटने दिवसभरात थोडं पोहायचं, थोडं टेबल टेनिस (टीटी), थोडं फेकायचं, हाच कोर्स होता. रोमला ब्रिटनच्या मार्गारेट मॉघन यांनी तिरंदाजीतही गोल्ड घेतलं आणि पोहण्यातही. त्या काळी त्यात कुणाला फार नवल वाटत नसे.

पेटकर साहेब त्याच पद्धतीत वाढले. 1968 ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळले, पहिली फेरी जिंकली पण मेडल नाही. 1970 ला एडिंबराला कॉमनवेल्थ पॅराप्लेजिक गेम्समध्ये (कमरेखालचं अंग गेलेल्या खेळाडूंच्या स्पर्धेत) 50 मीटर फ्रीस्टाइलला गोल्ड, भालाफेकीत सिल्व्हर, गोळाफेकीत ब्राँझ, एकाच स्पर्धेत तीन प्रकारांत तीन रंगांची मेडल. मग 1972. ऑलिम्पिक म्युनिकला होतं पण पॅरालिम्पिक हायडलबर्गला हलवलं होतं, कारण म्युनिकच्या खेळाडूंच्या इमारतींचे नंतर फ्लॅट करायचे होते. तिथे 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत, गोल्ड आणि विश्वविक्रम. शिवाय नेमाची भालाफेक (जमिनीवर आखलेल्या निशाण्यावर भाला टाकायचा) आणि स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांतून घड्याळ लावून व्हीलचेअर काढायची, यातही ते फायनलपर्यंत गेले. ऑलिम्पिक काय आणि पॅरालिम्पिक काय, भारताच्या एका खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक गोल्ड. अभिनव बिंद्राचं 2008 चं, म्हणजे 36 वर्षांनंतरचं.

आता कसं जमायचं ते. नीट बघितलंत तर या सगळ्या खेळांचं इंजिन एकच आहे, खांदा आणि पाठीचा वरचा भाग. बॉक्सरचे खांदे त्यांच्याकडे आधीच होते, हात झटक्यात सोडायची सवय होती, दम होता. पाण्यात मी रोज बघतो. पाय हलत नाहीत म्हटल्यावर कमरेखालचं सगळं शरीर खाली बसतं आणि पोहणारा जणू नांगर ओढत पुढे जातो. मुलं घाबरून मान वर काढतात तेव्हा पाय अजून खाली जातात. मी सांगतो की डोकं खाली घाल, छाती पाण्यात दाब, मग कंबर आपोआप वर येते, आणि पुढचं सगळं हातावर. अशा शरीराने, ना किक ना भिंतीला पायाचा रेटा, 50 मीटर 37 सेकंदांत. सांगितलं की माझ्या बॅचमधली दोन पाय धड असलेली मुलं गप्प होतात.

पण आज तसंच सगळं एकदम टॉपला खेळता येईल का? भारतात तरी खूप अवघड. आता प्रत्येक खेळाचं क्लासिफिकेशन (शरीर किती चालतं त्यावरून पाडलेले गट, म्हणजे क्लास) वेगळं असतं, म्हणजे तोच मुलगा पोहण्यात एका क्लासला, बसून फेकण्यात दुसऱ्या, टीटीत तिसऱ्या, आणि एका क्लासला त्याच्यापेक्षा जास्त ताकदवाले समोर येतात तर दुसऱ्या क्लासला तो स्वतःच सगळ्यात भारी निघतो. हे आधी कळत नाही, खेळून बघावंच लागतं! दीपा मलिक यांचं बघा, त्या तेव्हा अहमदनगरला राहायच्या, मणक्याच्या ट्यूमरमुळे छातीखालचं अंग गेलेलं. सुरुवात पोहण्याने केली, 2006 ला क्वालालंपूरला पोहण्यात मेडल घेतलं, मग भाला, आणि 2016 ला रिओत सिल्व्हर मिळालं ते गोळाफेकीत, 4.61 मीटर. पहिल्या दिवसापासून पोहणंच धरून बसल्या असत्या तर ते मेडल आलं नसतं. बाहेर अमेरिकेची ओक्साना मास्टर्स आहे, दोन्ही पाय कापलेले, 2012 ला रोइंगमध्ये ब्राँझ, नंतर बसून स्कीइंग, मग हँडसायकल, टोकियोत सायकलिंगची दोन गोल्ड आणि सहा महिन्यांत बीजिंगच्या बर्फावर सात मेडल. तिथेही खांदा आणि पाठच. पण तिच्यामागे जी सिस्टीम आहे ती आपल्याकडे नाही हे मान्य करायला हवं. पेटकर साहेबांच्या वेळी तर प्रवासखर्चासाठीसुद्धा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्या माणसाला पुढे यावं लागलं. पद्मश्री 2018 ला मिळाली, अर्जुन 2025 च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. याचा मला अजूनही राग येतो.

म्हणून भाच्यासाठी माझं म्हणणं: पहिलं वर्ष-दोन वर्षं पोहणं, टीटी आणि एखादा फेकीचा प्रकार, तिन्ही करू दे, मग क्लासिफिकेशन आणि त्याची आवड बघून एक मुख्य ठेवा. मात्र खांदा सांभाळा. तोच खांदा त्याला व्हीलचेअर ढकलायला, बेडवरून खुर्चीत यायलाही लागतो, तो गेला तर नुसता खेळ नाही, सगळंच अडतं. त्यामुळे पोहणं आणि फेक एकाच दिवशी जोरात नको, आणि खांद्याच्या मागच्या बाजूचे व्यायाम, रबर बँड ओढायचे वगैरे, रोज.

टँकवर अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्याला कमरेखाली समजत नाही ना, तर मे महिन्यात तापलेल्या फरशीवर बसवलंत तर भाजेल आणि त्याला कळणारही नाही, काठावरून घासत उतरवलं तर साल निघेल, आणि त्याची जखम भरायला महिनोन्महिने जातात. जाड ओला टॉवेल किंवा फोमची गादी टाकून त्यावर बसवा, दोघांनी धरून उतरवा, घरी आल्यावर मागून, टाचांना, घोट्यांना नीट बघा. आणि इजा डी 6 (पाठीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर बीपी अचानक चढायचा धोका असतो, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरवूच नका.

तुम्ही भाच्याची इजा कुठल्या मणक्याला आहे ते लिहिलं नाहीये. डिस्चार्ज कार्डवर डी (पाठ) किंवा एल (कंबर) आणि पुढे आकडा असेल, तो कळवा, आणि बसल्यावर हात सोडून तोल राहतो का तेही. त्यावरून फेक बसून कशी करायची आणि पट्टे कुठे बांधायचे ते सांगता येईल.